निकाल पहिल्या ओळीत

२३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट आधी बाजूला ठेवशील, मग चष्मा पुसशील, मग उघडशील. तेवढा वेळ मी धरून चाललो आहे. कोणी गेलेलं नाही, घाबरू नकोस.

मी महिनाभर शुश्रूषागृहात आहे. हृदयाने दुसऱ्यांदा इशारा दिला. पहिल्याच्या वेळी तुला कळवलं नाही, कारण कळवायची आपली पद्धतच उरली नव्हती. खोली बरी आहे. खिडकीतून एक भिंत दिसते आणि भिंतीच्या वर बोटभर आकाश. जेवण असं, की माणसाला लवकर बरं होऊन घरी जावंसं वाटावं. इथल्या मोठ्या परिचारिकाबाई तुझ्याच वळणाच्या आहेत. त्या आत आल्या की मी न सांगता पांघरूण सारखं करतो.

आता कामाचं. भिंगरी यंदा टेनिसच्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचली आहे. पात्रतेचे तीन सामने जिंकून, लाल मातीवर, एकशे अठ्ठावीस जणींत. सत्ताविसाव्या वर्षी, जेव्हा तिच्या बरोबरीच्या पोरी गुडघ्याला पट्टी बांधून दुसऱ्यांना शिकवायला लागल्या. आणि मला टीव्ही बंद. डॉक्टर म्हणाले, हा सामना पाहिलात तर पुढचा पाहायला उरणार नाही. बाई रोज सकाळी पेपरातलं खेळाचं पान कात्रीने कापून घेतात आणि मग पेपर देतात. भिंगरी रविवारी फोन करते, पण खेळाचा विषय काढायचा नाही अशी तिला तंबी आहे. मग ती मला विचारते, बाबा जेवलात का, मी तिला विचारतो जेवलीस का, आणि पाच मिनिटं संपतात.

खूप हुज्जत घातल्यावर बाईंनी एक सवलत दिली. पत्र चालेल. सामना संपल्यावर लिहिलेलं, शांत माणसाने लिहिलेलं, आणि निकाल पहिल्या ओळीत. आधी त्या स्वतः ती ओळ वाचणार, मग कागद माझ्या हातात देणार, आणि मी वाचत असताना माझी नाडी धरून बसणार.

शांत माणूस म्हटल्यावर मला एकच आठवलं. सामन्याचे गुण तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणी लिहिले तर मला पटायचे नाहीत. फोन मात्र नको. तुझ्या आवाजावरून निकाल आधीच कळेल, आणि दुसरं म्हणजे आपण भांडू. पत्रातून भांडायला दोन दिवस लागतात, तोवर राग उतरतो.

पहिला सामना सोमवारी दुपारी आहे. लिहायचं नसेल तर तसं कळवायचीही तसदी घेऊ नकोस. गप्प राहिलीस तर मी समजेन.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून पत्र मागतो.
तुझा धाकटा


२६ मे

जिंकली. ६-४, ३-६, ७-५.

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

निकाल मायन्याच्याही वर लिहिला आहे. पहिली ओळ म्हणजे पहिली ओळ. तुझ्या परिचारिकाबाईंना सांग, इकडून नियम मोडला जाणार नाही.

पाकीट मी बाजूला ठेवलं नाही. चष्मा मात्र पुसला.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करते. एक, मी फक्त सामन्याचं लिहीन. दोन, ती स्पर्धेतून बाहेर पडली की पत्रं बंद. हा एका स्पर्धेपुरता करार आहे, त्यात आणखी काही शोधू नकोस.

सामना दोन तास एकवीस मिनिटं चालला. समोरची डावखुरी, उंच. पहिली सर्व्हिस जोरदार, दुसरी पोचट. भिंगरीने ते तिसऱ्याच गेममध्ये ओळखलं आणि एक पाऊल आत येऊन उभी राहायला लागली. दुसऱ्या सेटमध्ये घाईला आली. तो तुझा वारसा. तिसऱ्यात पाच-पाच असताना चार वेळा बरोबरीवरून, ड्यूसवरून, गेम ओढून आणला. बॅकहँड आता चांगला बसतो. लहानपणी चेंडूवर झाडू मारल्यासारखा मारायची, ते गेलं.

टीव्हीचा आवाज मी बंद ठेवते. समालोचक बोलतात फार आणि पाहतात कमी. गुण मी स्वतः मोठ्याने म्हणते, पंच होते तेव्हाची सवय आहे. दुसरा सेट संपेपर्यंत घसा बसला. सहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, त्यानंतर एवढं सलग बोलले नव्हते. ऐकायला खोलीत कोणी नसल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

तक्त्याची नक्कल सोबत आहे. उभी रेघ तिचा गुण, आडवी दुसरीचा. रिकामा चौकोन एकही नाही.

लोभाचं नंतर पाहू, आधी मीठ कमी कर.
ताई


२७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आज दुपारच्या टपालाने आलं. बाईंनी पहिली ओळ वाचली, कागद दिला आणि मनगट धरलं. पाच-पाचला नाडी नव्वदवर गेली. बाई म्हणाल्या, निकाल माहीत असून एवढं कशाला धडधडता. मी म्हणालो, मला माहीत आहे, पण भिंगरीला पाच-पाचला कुठे माहीत होतं.

करार मान्य आहे. पण जुनं बोलायचं नाही असं त्यात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून एकदाच बोलून घेतो.

त्या दिवशी नेमलेले पंच आले नाहीत, तेव्हा ताईच बसेल असं आयोजकांना मीच म्हणालो. ते माझ्या पदरात. मुलींची अंतिम फेरी, रेषांवर दुसरं कोणी नाही, सगळ्या रेषा तुझ्या एकटीच्या. शेवटच्या गुणाला समोरच्या मुलीचा चेंडू भिंगरीच्या मागच्या रेषेपाशी पडला. बाहेर पडला. मी कुंपणाला नाक लावून उभा होतो. तू काही बोलली नाहीस. पंच बोलला नाही म्हणजे चेंडू आत, आणि सामना संपला. मातीवर चेंडूची खूण उमटते ती कशासाठी? मी ओरडून सांगितलं, खाली उतर आणि खूण बघ. तू खुर्चीवरून हलली नाहीस. सोळा वर्षांची पोर, रडू आवरत तिने पाय फिरवला आणि खूण पुसली गेली. प्रशिक्षण केंद्रातली जागा विजेतीला मिळायची होती, तीही गेली. गाडीत विचारलं तर म्हणाली, बाहेर होता. मग दोन वर्षं आम्ही बापलेकीने अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारून काढली. भिंत चांगली होती. कधी चुकीचा निर्णय दिला नाही.

झालं. आता नाडी मोजली, ठीक आहे. एक विचारतो. तू कागदाचा कपटा टाकत नाहीस. त्या दिवसाचा तक्ता अजून तुझ्याकडे आहे का?

राग ठेवलास तरी चालेल, पुढचा निकाल ठेवून घेऊ नकोस.
तुझा धाकटा


२८ मे

जिंकली. ६-२, ६-४.

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा सामना सुरू व्हायला पाऊण तास होता. आधी वाचायला नको होतं. पहिल्या दोन गेममध्ये माझ्या रेघा वाकड्या आल्या आहेत, नक्कल पाहशील तेव्हा कळेल.

उत्तर नियमाने देते. मातीवरची खूण पंचाने पाहण्याआधी खेळाडूने स्वतः पुसली, तर गुण समोरच्याचा. पाय रडत फिरवला की हसत, याबद्दल नियमात काही नाही. तक्ता आहे. तो मागू नकोस. करारात आता एक कलम जोडते: जुनं बोलायचं नाही.

सामना सरळ झाला. समोरची मुलगी एकोणीस वर्षांची, फटके सुरेख, डोकं गरम. भिंगरीने तिला उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे असं चालवलं की तिसऱ्या गेमनंतर ती रॅकेटशीच बोलायला लागली. भिंगरी आता गुणांच्या मध्ये घाई करत नाही. टॉवेलने हात पुसते, तारा सारख्या करते, मग वर पाहते. हे तिला कोणी शिकवलं माहीत नाही. आपण दोघांनी नाही.

सामना संपल्यावर शेजारीण दारात आली. बोलण्याचा आवाज येतो, कोणी पाहुणे आलेत का, असं विचारत होती. मी सांगितलं, टीव्ही. टीव्ही तर मुका असतो. पण ती खूश झाली. म्हणाली, बरं झालं, तुमच्याकडे कोणीतरी आलं वाटलं.

औषधं वेळेवर घे, बाकी आपुलकी त्यात आली.
ताई


२९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या वाकड्या रेघा मी भिंगातून पाहिल्या. जन्मात पहिल्यांदा पाहिल्या. जपून ठेवल्या आहेत.

इथे आता तुझी पत्रं सार्वजनिक झाली आहेत. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी आहेत. टेनिस म्हणजे काय हे त्यांना मी चमचा आणि लिंबू घेऊन समजावलं. काल त्यांनी विचारलं, पंचांची खुर्ची एवढी उंच कशाला. मी म्हणालो, वरून सगळं दिसावं म्हणून. ते म्हणाले, वरून कापड दिसतं, शिवण दिसत नाही. मी विषय बदलला, कारण कलम आहे.

सहज विचारतो, भिंगरी अजून जीभ दातांत धरते का? फोनवर असलं विचारता येत नाही.

आणखी एक. ही गेली त्याला चार वर्षं झाली. त्या दिवशी तू फाटकापर्यंत आलीस, उभी राहिलीस आणि परत गेलीस. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. मी खाली उतरलो नाही. हे जुनं नाही, मधलं आहे, त्यामुळे कलमात बसत नाही असं समजून लिहिलं. बसत असेल तर खोडून टाक.

माया असू दे, खोडू नकोस.
तुझा धाकटा


३० मे

जिंकली. ७-६, ६-३.

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

टायब्रेक नऊ-सातने घेतला. सेट हातचा जाण्याची वेळ दोनदा आली होती. दोन्ही वेळा तिने दुसऱ्या सर्व्हिसवर नेटपर्यंत धाव घेतली. शहाणं माणूस असं करत नाही, पण ते बसलं. आता सोळा जणी उरल्या आहेत. पेपरात तिचा फोटो आला, टपाल तिकिटाएवढा. तो कापून ठेवला आहे. तुझ्या बाईंच्या कात्रीतून सुटला तर तुलाही दिसेल.

जीभ दातांत धरते की नाही, ते टीव्हीवर नीट दिसत नाही. मी पाहतही नाही. पंचाने रेषा पाहायची असते.

फाटकाशी मी बारा मिनिटं होते. बिजागरीला तेल नव्हतं, ढकललं असतं तर आवाज झाला असता. मला वाटलं होतं की आवाज ऐकून तू येशील, आणि वाटलं होतं की येणार नाहीस, म्हणून ढकललं नाही. खोडत नाही. पण पुन्हा लिहू नकोस.

या आठवड्यापासून मी चार वाजताचा चहा साडेतीनला घेते, म्हणजे सामन्याच्या आधी भांडं धुऊन होतं. एका कपाचं भांडं, धुवायला काही लागत नाही, पण पद्धत म्हणून.

जप. जपणं म्हणजेच लोभ समज.
ताई


१ जून

जिंकली. ३-६, ६-४, ७-५.

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

समोर चौथं मानांकन होतं. पहिला सेट सव्वीस मिनिटांत गेला. मी तक्त्यावरची पेन्सिल खाली ठेवली नाही, पण नवी पेन्सिल तासून ठेवायची राहू दिली, यावरून काय ते समज. मग भिंगरीने खेळ हळू केला. उंच, खोल, कंटाळा येईल असे चेंडू मारायला लागली. समोरचीला कंटाळा आला. भिंगरीला आला नाही. भिंतीशी दोन वर्षं खेळलेल्या मुलीला कंटाळा कसला येणार. तुझ्या भिंतीचं हे श्रेय मी लेखी देते.

शेवटचा गुण झाला तेव्हा मी उभी होते, हे मला नंतर कळलं. पंचाने उभं राहायचं नसतं.

आता आठ जणी. म्हणजे फार तर तीन सामने, फार तर तीन पत्रं. लिहायचे कागद संपले होते म्हणून आज जाऊन अख्खा दस्ता आणला. दुकानात सुटे मिळत नाहीत.

तब्येतीची काळजी घे आणि कळवत राहा, एवढंच मागणं.
ताई


२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानात सुटे कागद मिळतात. मी तीस वर्षं स्टेशनरीचं दुकान चालवलं, मला सांगू नकोस. पण दस्ता आणलास हे फार बरं केलंस.

आज पत्र वाचून झाल्यावर बाई माझं मनगट सोडायला विसरल्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्या ताई कधी येणार भेटायला. मी सांगितलं, आमचा करार आहे. बाई म्हणाल्या, कसला. मला नीट सांगता आलं नाही. सांगायला गेलं की त्यात काही उरत नाही. चेंडू, रेषा, बाहेर, आत. शिंपीबुवा ऐकत होते. ते म्हणाले, माझा भाऊ बाहीच्या मापावरून तुटला, तुमचं भांडण निदान मोठ्या मैदानावर झालं.

उद्या पुढचा सामना. ती हरावी असं वाटणं शक्यच नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ती जिंकावी असं मला किती कारणांनी वाटतं, ते मोजायला गेलो तर बाई रागावतील.

लोभ वाढतो आहे, नाडी नाही.
तुझा धाकटा


३ जून

हरली. ६-३, ४-६, ४-६.

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दोन मिनिटं थांब आणि मग पुढे वाच. पाणी पी.

ती चांगली खेळली. हे तक्त्यात मावत नाही म्हणून इथे लिहिते. समोरची ताकदीने जास्त होती. दुसऱ्या सेटपासून भिंगरीची डावी मांडी आखडली. तिने डॉक्टरला बोलावलं नाही.

शेवटचं नीट सांगते. तिसरा सेट, चार-पाच, सर्व्हिस भिंगरीची, ड्यूस. समोरचीचा लांब फटका मागच्या रेषेपाशी पडला. भिंगरीची रॅकेट पोचली नाही. रेषेवरच्या पंचाने बाहेर दिला. म्हणजे गुण भिंगरीचा. समोरची तक्रार करायला लागली, तेव्हा मुख्य पंच खूण पाहायला खुर्चीवरून उतरू लागले. एक पाय पायरीवर. भिंगरीने खुणेकडे पाहिलं, डाव्या पायाची टाच टेकवली आणि अर्धं वर्तुळ काढलं. खूण गेली. बाहेर दिलेला चेंडू तिने स्वतः आत दिला. पंच परत जाऊन बसले. पुढचा गुण गेला आणि सामना संपला.

तोच पाय. तेच अर्धं वर्तुळ. ती रडत नव्हती.

मी टीव्ही बंद केला आणि जुना तक्ता काढला. हे शेवटचं पत्र आहे. कलम माझं होतं, तेव्हा मोडणारीही मीच.

त्या दिवशी शेवटचा चेंडू मी पाहिला नाही. तो येत होता तेव्हा नजर रेषेवर हवी होती. मी तिच्याकडे पाहत होते. तिने जीभ दातांत धरली होती. बुटाची नाडी बांधायला शिकताना धरायची, तशीच. मला तेवढंच दिसलं. नजर रेषेवर आली तोवर चेंडू उडून गेला होता. बाहेर म्हटलं असतं तर गुण तिचा झाला असता, आणि सगळे म्हणाले असते, आत्या आहे. म्हणून गप्प राहिले.

तू ओरडलास तेव्हा मी उतरायला निघाले होते. एक पाय पायरीवर होता. कुंपणातून तो तुला दिसला नसेल. तेवढ्यात तिने खूण पुसली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिची जागा गेली, तू बोलणं टाकलंस, हे मी सोसलं. ते सुटल्यासारखं वाटणं मात्र मला सोसलं नाही. त्यानंतर त्या खुर्चीवर बसले नाही. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

त्या तक्त्यात शेवटचा चौकोन रिकामा आहे. न पाहिलेलं मी लिहीत नाही. म्हणून तो तुला दाखवला नाही. चेंडू आत होता की बाहेर, मला माहीत नाही. तू म्हणतोस तसा बाहेर असेल, तर तिच्या हातची जागा मी घालवली.

करार संपला. लोभ ठेवायचा की नाही, ते सगळं वाचून तूच ठरव.
ताई


८ जून

नाडी बहात्तर.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिली ओळ तुझ्यासाठी आहे. बाईंनी स्वतः मोजून सांगितली.

तू नियम मोडलास. निकाल पहिल्या ओळीत लिहायचा ठरलं होतं. तुझ्या पत्रात आणखी एक निकाल होता, आणि तो तिसऱ्या पानावर, काही सूचना न देता. बाई पहिली ओळ वाचून हळहळल्या, मनगट धरून बसल्या, आणि तिसऱ्या पानावर मला म्हणाल्या, आता काय झालं, तुम्ही श्वास घेत नाही आहात. मी म्हणालो, घेतो.

लगेच लिहिलं नाही, कारण भिंगरी येणार होती. परवा आली. लंगडते आहे, पण आठवड्यात बरी होईल म्हणते. मी तिला काही सांगितलं नाही. पत्र हातात दिलं. तिने ते उभ्याने वाचलं, मग खाटेच्या कडेला बसली.

ती म्हणाली, चेंडू रेषेवर होता. खूण रेषेची कड खाऊन उमटली होती, तिला स्वच्छ दिसली. तुझा पायरीवरचा पायही दिसला. आत्याने खाली यावं, वाकून पाहावं आणि सगळ्यांसमोर आपल्या विरुद्ध बोट दाखवावं, हे आत्यावर यायला नको असं तिला वाटलं. म्हणून पुसली.

मग गाडीतलं. मी तुला लिहिलं की ती म्हणाली, बाहेर होता. ती तसं म्हणाली नव्हती. दार लावायच्या आधीच मी म्हणालो होतो, बाहेरच होता ना. ती नुसतं हं म्हणाली. एवढं एक अक्षर. तिला वाटलं दोन दिवसांत माझा राग जाईल आणि मग सांगेन. राग गेला नाही. जसजसे दिवस गेले, तसतसं ते तिला उचलेना. गेल्या अकरा वर्षांत एकदाही तिने दुसऱ्या कोणाचा चेंडू खोटा बाहेर जाऊ दिलेला नाही, ते का, हे मला परवा कळलं.

कुंपणाला नाक लावून मी काय पाहिलं, ते मला आता सांगता येत नाही. मला हवं ते पाहिलं असणार.

भिंगरी काल पुढच्या स्पर्धेला गेली. तुझ्याकडे यायला वेळ नव्हता. तुझा पत्ता द्यायला लागलो तर म्हणाली, पाठ आहे. दर वर्षी तुझ्या नावाचं एक पाकीट लिहिते, टाकत नाही. मी विचारलं, आत काय असतं. म्हणाली, काही नाही, आतलं सुचत नाही म्हणून तर टाकत नाही.

मला आणखी तीन आठवडे इथेच ठेवणार आहेत. शिंपीबुवा परवा घरी गेले. खाट रिकामी आहे, चमचा आणि लिंबू माझ्याकडे आहे. तू करार संपला म्हणशील, ते खरंच आहे. पण बाईंना मी विचारून ठेवलं आहे. पत्रं पुढेही चालतील म्हणतात. फक्त पहिली ओळ लागेल.

ठरवून सांगतो, लोभ ठेवला आहे.
तुझा धाकटा


१० जून

आज सामना नाही.

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पहिली ओळ लागेल म्हणालास, म्हणून लिहिली. बाईंना वाचताना त्रास होऊ नये.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चेंडू आत होता, म्हणजे निर्णय बरोबर निघाला. मला नेहमी वाटायचं, असं कधी कळलं तर बरं वाटेल. काल सकाळभर वाट पाहिली. तसं काही वाटलं नाही. न पाहता दिलेला निर्णय बरोबर निघाला, तरी तो मी दिला असं होत नाही. आणि मला वाकावं लागू नये म्हणून सोळा वर्षांची पोर खूण पुसते, आणि मी तिला वाईट वाटू नये म्हणून अकरा वर्षं तिच्यासमोर जात नाही. याचं काय करायचं, हे कुठल्या नियमात नाही. मी पुस्तक काढून पाहिलं.

शनिवारी अंतिम सामना झाला. दुसऱ्याच दोघी होत्या, मी टीव्ही लावला नाही. पण साडेतीनला चहा घेतला, भांडं धुतलं आणि चार वाजता जाऊन टीव्हीसमोर बसले. मग उठून खिडकीच्या काचा पुसल्या. संध्याकाळी शेजारीण म्हणाली, घर शांत आहे, पाहुणे गेले वाटतं. हो म्हणाले. तिने विचारलं, पुन्हा कधी येणार. मी सांगितलं, विचारून सांगते.

सोबत तो तक्ता आहे. नक्कल नाही, मूळ आहे. घडीवर फाटत आला आहे, जपून उघड. शेवटचा चौकोन ज्याने पाहिलं त्याने भरायचा असतो. मी पाहिलं नाही, तू पाहिलंस ते खरं नाही. राहिली ती. तिच्याकडे पाठव. पेन्सिल नको, शाईने भरायला सांग. भरला की माझ्या पत्त्यावर परत पाठवायचा. पाकीट ती लिहून ठेवतेच. आत काय घालायचं, तेही यंदा सुचवून झालं.

दस्त्यातले बरेच कागद उरले आहेत. पुढची मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. तोवर निकाल नसलेली पत्रं तुझ्या बाईंना रोज चालतील की एक दिवसाआड, ते विचारून कळव. न कळवता गप्प राहिलास तर मी समजणार नाही. पुन्हा लिहीन.

लोभ आहे. असावा असं लिहायचं कारण उरलं नाही.
ताई